अंतर आणि अवधी : योजनापासून विमानापर्यंत

पालि वाङ्मयात अंतर सांगताना ‘योजन’ हे माप वारंवार येते. ‘युज्’ म्हणजे जुंपणे, या धातूपासून हा शब्द सिद्ध झाला आहे. बैल जुंपल्यापासून सोडेपर्यंत जेवढी वाट सरते, ते योजन. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे गावुत. योजनाच्या निश्चित लांबीविषयी विद्वानांत मतैक्य नाही. परंतु या मापात अंतर आणि ते कापण्याचे श्रम एकत्रच मोजले गेले आहेत, हे स्पष्ट आहे.

सुत्तनिपातातील पारायनवग्गात बावरीचे सोळा शिष्य भगवान बुद्धांच्या दर्शनास निघतात. त्यांच्या मार्गावर प्रथम पतिट्ठान, म्हणजे पैठण, आणि नंतर माहिस्सती येते. माहिस्सती म्हणजे आजचे महेश्वर, असे सामान्यतः मानतात. या दोन स्थळांना जोडणारी सरळ रेषा सुमारे ३०० किलोमीटरची असून ती जळगावजवळून जाते. मात्र पांथस्थ रेषेवरून चालत नाही. त्याला अजिंठ्याचा डोंगर, तापी, सातपुडा आणि नर्मदा ओलांडावी लागते.

दोन विमानतळांमधील अंतर म्हणून जो आकडा दिला जातो, तो अशाच रेषेचा होय. पृथ्वीच्या गोल पृष्ठावरून मोजलेले ते लघुतम अंतर असते. जळगाव-मुंबई हे अंतर सुमारे ३५५ किलोमीटर भरते. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या लहान विमानास त्यासाठी ४३ मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात तासाहून अधिक वेळ धरावा लागतो. कारण धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, समोरचा वारा आणि मुंबईवर उतरण्यासाठी थांबणे, हे त्या भागाकारात येत नाही.

आता यावलच्या प्रवाशाचा विचार करू. जळगाव विमानतळ यावलहून सरळ रेषेत सुमारे २४ किलोमीटरवर आहे. पण मध्ये तापी असल्याने पूल जेथे आहे तेथूनच जावे लागते. त्या वाटेचा तासभर, विमानतळावरील दीड तास, उड्डाण आणि मुंबईत उतरल्यावर शहरात पोहोचणे, हे सारे मिळून पाच तास सहज होतात. उलट भुसावळहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ४४५ किलोमीटर असून मेल-एक्स्प्रेसला साधारण सात-आठ तास लागतात. म्हणजे तुलना एका तासाची आठ तासांशी नसून, पाच तासांची नऊ तासांशी आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली जळगाव-मुंबई विमानसेवा सुरू झाली. पुढे ती खंडितही झाली. म्हणून रुग्णास मुंबईस न्यावयाचे असो वा मुलाखतीस वेळेवर पोहोचावयाचे असो, त्या दिवशी विमान आहे काय, हे प्रथम पाहावे. नसेल, तर उरलेला सारा हिशेब व्यर्थ होय. विमान असल्यास घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामापर्यंतचा वेळ मोजावा. बैल जुंपणाऱ्या आपल्या पूर्वजांचा हिशेब याच रीतीचा होता.