बारा किलोचा आकडा आणि हललेला कातळ

ट्रायपॉडच्या खोक्यावर छापलेलं असतं, वजनक्षमता १२ किलो. आपला कॅमेरा आणि लेन्स मिळून फार तर पावणेदोन किलो. घेणारा मनातल्या मनात भागाकार करतो आणि निर्धास्त होतो. मग पावसाळ्यात ताम्हिणीला जाऊन एक सेकंदाचा धबधबा टिपतो. घरी मोठ्या स्क्रीनवर बघतो तर पाणी हवं तसं मऊसूत आलेलं असतं, पण बाजूचा कातळही मऊसूत झालेला असतो. दोष लेन्सला दिला जातो, कॅमेऱ्याला दिला जातो. तीन पायांवर संशय घ्यायचं कुणाला सुचत नाही, कारण त्यांनी वजन तर बिनतक्रार पेललेलं असतं.

वजन पेलणं आणि थरथर जिरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. ट्रायपॉड, मोनोपॉड आणि बॉल हेडविषयीचे बरेचसे गैरसमज ही दोन्ही कामं एकच धरल्यामुळे झालेले आहेत.

“क्षमता जास्त, म्हणजे ट्रायपॉड पक्का”

हा आकडा कसा मोजायचा याचा सगळ्यांवर बंधनकारक असा नियम नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या कसोटीने तो ठरवते, त्यामुळे एकीचे ८ किलो आणि दुसरीचे १५ किलो यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय आकडा अगदी प्रामाणिक असला तरी तो एवढंच सांगतो, की इतक्या वजनाखाली पाय घसरणार नाहीत. कॅमेरा किती हलेल, याबद्दल तो गप्प असतो.

हलणं म्हणजे किती, याचा हिशोब एकदा करून बघावा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा असतो. २०० मिलिमीटरची, २० सेंटिमीटर लांब लेन्स लावली आणि तिचं पुढचं टोक ६ मायक्रॉन खालीवर झालं, की चित्र एक पिक्सेल सरकलं. माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉन जाड. म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी हालचालीने बारीक तपशील पुसट व्हायला सुरुवात होते. शटरचं बटण बोटाने दाबताना याच्या कितीतरी पट धक्का बसतो, म्हणून तर दोन सेकंदांचा सेल्फ टायमर किंवा रिमोट वापरायचा.

ही थरथर रोखतो तो पायांचा ताठपणा. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवली, तर ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २२ मिलिमीटरच्या नळीऐवजी २८ची घेतली की वाकण्याला होणारा विरोध जवळपास दुप्पट होतो. म्हणून किलोच्या आधी वरच्या नळीचा व्यास विचारावा आणि त्याच्याही आधी सगळ्यात खालच्या नळीचा. प्रत्येक नळी आधीच्या नळीच्या पोटात जाणारी, म्हणजे दर सेक्शनला तीनेक मिलिमीटरची घट. चार सेक्शनच्या पायात वर २८ असेल, तर जमिनीला टेकणारी नळी जेमतेम १९ची. पाच सेक्शनचा ट्रॅव्हल ट्रायपॉड सॅकमध्ये सुरेख मावतो. त्याची किंमत शेवटच्या नळीत मोजलेली असते. पाय वाढवतानाही आधी वरचे जाड भाग बाहेर काढावेत, बारीक भाग अगदीच गरज पडली तर.

खरेदीला जाताना स्वतःचा कॅमेरा आणि सगळ्यात लांब लेन्स बरोबर न्यावी. स्टॅबिलायझेशन बंद करावं, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून रस्त्यापलीकडच्या एखाद्या पाटीच्या अक्षरावर रोखावा. मग ट्रायपॉडच्या एका पायावर टिचकी मारायची आणि स्क्रीनकडे बघत राहायचं. अक्षर थरारतं. ते निवायला किती वेळ लागतो, तेवढंच पाहायचं. एका ट्रायपॉडवर ते टिचकीसरशी थांबतं, दुसऱ्यावर दोन-तीन सेकंद डुलत राहतं. मग मधली दांडी, म्हणजे सेंटर कॉलम, पूर्ण वर काढून पुन्हा तशीच टिचकी. तीन पायांवर उभा असलेला कॅमेरा आता एका बारीक काठीच्या टोकावर आलेला असतो आणि ते स्क्रीनवर लख्ख दिसतं. दुकानदार आधी विचित्र नजरेने बघतो, नंतर स्वतःच टिचक्या मारायला लागतो.

“कार्बन फायबर हलकं, म्हणून वाऱ्यात कुचकामी”

गित्झो कंपनीने १९९४ मध्ये कार्बन फायबरचे ट्रायपॉड बाजारात आणले, तेव्हापासून हा वाद चालू आहे. त्याच आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रायपॉडपेक्षा कार्बनचा साधारण पाव हिस्सा हलका पडतो. पण वजनाच्या मानाने तो जास्त ताठ असतो आणि आलेली थरथर लवकर जिरवतो. त्याचा खरा दोष वेगळाच आहे. खडकावर जोरात आपटला तर अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो, कार्बनला तडा जाऊ शकतो. गाडीतून उतरून पन्नास पावलांवर फोटो काढणाऱ्याने कार्बनवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच पैशात जुना, दणकट अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड आणि चांगलं हेड दोन्ही येतं. गड चढणाऱ्याची गोष्ट निराळी. घरी राहिलेला जड ट्रायपॉड कितीही ताठ असला तरी वर काय उपयोगाचा?

वाऱ्याचं म्हणाल, तर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दरीतून उलटा वर येणारा वारा कुठल्याच ट्रायपॉडची गय करत नाही. तिथे तो जितका बुटका लावाल तितका बरा. सेंटर कॉलमच्या आकड्याला सॅक लटकवायचा सल्ला सगळे देतात, पण अधांतरी लटकलेली सॅक वाऱ्यात झोके घेते आणि प्रत्येक झोका पायांना पोचवते. सॅकचं बूड जमिनीला टेकेल इतपतच ती खाली सोडावी. आणि कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवावा. दिंडीतल्या पताकेसारखा तो फडफडत असतो, आणि आपण मात्र ट्रायपॉडला नावं ठेवत बसतो.

“ट्रायपॉड आपल्या उंचीइतका हवा”

पायांवर हेड येतं, हेडवर कॅमेरा. दोन्ही मिळून वीसेक सेंटिमीटर भरतात. साडेपाच फुटी माणसाला १३५ सेंटिमीटरचे पाय सपाट जमिनीवर पुरतात. गडाच्या उतारावर मात्र एक पाय बराच खाली जातो, तिथे जास्तीची उंची कामी येते. उंच ट्रायपॉड घ्यायचाच तर या कारणासाठी घ्यावा.

“बॉल हेड फुकट आलंय, तेच चालेल”

किटबरोबर आलेलं हेड बहुतेक वेळा सगळ्यात कच्चा दुवा असतं. बॉल हेडची रचना साधी आहे. खोबणीत बसवलेला एक गोळा, त्याला आवळणारा मोठा स्क्रू, घर्षण कमीजास्त करणारा एक लहान स्क्रू आणि तळाशी पॅनिंगचा तिसरा. गोळा मोठा असला की पकड त्याच्या मध्यापासून लांबवर लागते, म्हणून तेवढ्याच आवळण्यात तो जास्त वजन धरून ठेवतो.

त्याची परीक्षा बघायची तर सप्टेंबरमध्ये कासला मॅक्रो लेन्स लावून सीतेच्या आसवांसमोर बसावं. निळंजांभळं इवलंसं फूल, फ्रेम मनासारखी लावली, स्क्रू आवळला, हात काढला आणि फूल फ्रेमच्या वरच्या कडेला गेलं. कॅमेरा नाकाने किंचित खाली आला. पुन्हा लावा, पुन्हा तेच. चांगल्या हेडवर ही घसरण जवळपास जाणवत नाही. स्वस्त हेडवर दरवेळी अंदाजाने थोडं वर रोखून मग आवळायची कसरत करावी लागते. (कासच्या सड्यावर ट्रायपॉडचे पाय कुठे टेकतात, तेही बघावं. एका फुलाचा फोटो काढताना दहा रोपं चिरडणारे कमी नाहीत.)

सगळी घसरण हेडचीच असते असंही नाही. कॅमेऱ्याखालच्या प्लेटवरचं रबर दबतं, कॅमेरा उभा केला की प्लेटवरच हलकेच फिरतो. कॅमेऱ्याच्या तळाशी पाव इंची, इंचाला २० आट्यांच्या स्क्रूचं छिद्र असतं. हेडच्या तळाशी बहुधा तीन अष्टमांश इंची, १६ आट्यांच्या स्क्रूचं. पाव इंची स्क्रू एकटा फिरण्याला पुरेसा विरोध करत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या कडेला टेकणारी ओठवाली प्लेट किंवा एल ब्रॅकेट. एल ब्रॅकेट असलं की उभ्या फोटोसाठी कॅमेरा हेडच्या खाचेत कुशीवर पाडावा लागत नाही, वजन मधोमध राहतं.

“आर्का-स्विस पद्धतीची प्लेट कुठल्याही हेडला बसते” हाही असाच अर्धा खरा समज. साधारण ३८ मिलिमीटर रुंदीची ही प्लेट आता सर्रास मिळते, पण प्रत्येकाच्या मापात बारीक फरक असतो. स्क्रूने आवळायच्या क्लॅम्पला तो चालतो. खटक्याच्या क्लॅम्पमध्ये मात्र परकी प्लेट कधी बसतच नाही, तर कधी बसल्यासारखी वाटते आणि सैल राहते. दुसरा प्रकार महागात पडतो.

आणि काही कामांना बॉल हेड मुळात शोभतच नाही. १५०-६०० सारख्या लेन्सला गिंबल हेड, व्हिडिओला फ्लुइड हेड, वाड्याच्या चौकातले खांब काटकोनात आणायला गिअर्ड हेड.

“कॅमेऱ्यातच आठ स्टॉपचं स्टॅबिलायझेशन आहे”

गणित मोहात पाडणारं आहे. ५० मिलिमीटरला १/५० सेकंद हातात जमतं. आठ स्टॉप म्हणजे २५६ पट, म्हणजे पाच सेकंद! कागदावर. आणि ते खरं मानलं तरी मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे टिपताना वीस-तीस सेकंदांच्या कितीतरी फ्रेम एकावर एक रचायच्या असतात. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत झाड जिथल्या तिथे हवं. कुठलंही स्टॅबिलायझेशन हे करून देत नाही.

ट्रायपॉडवर ते बंद करावं का, यावर दोन्ही बाजू हट्टाने बोलतात. कॅननने १९९५ मध्ये एसएलआरसाठी पहिली स्टॅबिलाइज्ड लेन्स आणली, ती ७५-३००. त्या काळातल्या लेन्स ट्रायपॉडवर नसलेली हालचाल शोधत बसायच्या आणि स्वतःच चित्र हलवायच्या. आजच्या बऱ्याच लेन्स ट्रायपॉड ओळखतात. आपल्या लेन्सचं मॅन्युअल वाचावं आणि दोन्ही प्रकारे एकेक फ्रेम घेऊन बघावी.

“मोनोपॉड म्हणजे गरिबाचा ट्रायपॉड”

लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणुकीत ट्रायपॉड उघडून दाखवा. पहिल्या दोन मिनिटांत कुणीतरी अडखळेल आणि ढोलपथकातला कार्यकर्ता तुम्हाला बाजूला करेल. मोनोपॉडला एका पावलाएवढी जागा पुरते. दोन किलोची टेली लेन्स तासभर हातात धरली की दंड बोलायला लागतात. मोनोपॉड ते वजन घेतो आणि वरखाली होणारी थरथर थांबवतो. बाजूला डुलणं मात्र तो थांबवत नाही. त्यामुळे १/३० सेकंद जमून जातो, एक सेकंद कधीच नाही.

त्यावर बॉल हेड बसवणं ही हमखास चूक. गोळा ढिला केला की लेन्स एका बाजूला कलंडते. लांब लेन्सला कॉलर असते, ती फिरवली की कॅमेरा उभा होतो, म्हणून फक्त पुढेमागे कलणारं टिल्ट हेड पुरे. ताडोबाच्या जिप्सीत मोनोपॉडचीही अडचण होते. तिथे रिकामी बीन बॅग न्यावी, गावात तांदूळ घेऊन भरावी आणि गाडीच्या दांडीवर ठेवावी.

“गोळ्याला तेल घातलं की हेड मऊ चालतं”

मऊ चालतं आणि मग धरतही नाही. बॉल हेडची सगळी मदार घर्षणावर असते. शिवणयंत्राचं तेल, खोबरेल, काहीही घालू नये. कोरड्या स्वच्छ कपड्याने पुसणं पुरेसं.

समुद्रावर मात्र उलट हयगय चालते. “वाळू काय, झटकली की गेली.” खारं पाणी आणि वाळू लॉकच्या आट्यांत शिरते ती झटकून जात नाही. कोकणात पुळणीवर उभं राहताना वर सांगितलेला नियम मोडावा आणि सगळ्यात खालचा बारीक सेक्शन आधी थोडा बाहेर काढावा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहतो. मुक्कामी परतल्यावर पाय पूर्ण लांब करून गोड्या पाण्याने धुवावेत, उघडेच वाळवावेत. एवढं करूनही पाय सरकवताना करकर ऐकू आली, तर लॉक उघडून आटे जुन्या टूथब्रशने साफ करायचे. पिळाचे लॉक असतील तर ते घरी हाताने सुटे होतात. खटक्याच्या लॉकना स्क्रू असतात, त्यासाठी अ‍ॅलन की लागते. ती खोक्यात आलेली असते आणि बहुतेकांनी खोक्यासकट टाकून दिलेली असते.