हिराकस, लिंबूसत्त्व आणि लाल पाणी

रावेर तालुक्यातल्या त्या केळीबागेत शिरलो, तर पोंगा पिवळाफटक, शिरा तेवढ्या हिरव्या. खालची जुनी पाने मात्र गडद. लोह जुन्या पानातून नव्यात सहजी जात नाही, म्हणून त्याची चणचण कोवळ्या पानावर आधी दिसते. खरे तर काळ्या मातीत लोह भरपूर. पण चुनखडीच्या रानात सामू आठच्या वर जातो आणि लोह गंजासारखे होऊन अडकून बसते.

बागायतदार दादांनी विहिरीच्या पाण्याच्या तीन बाटल्या बांधावर मांडल्या. पहिलीत नुसते हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. फिकट हिरवट पाणी बघता बघता तांबूस, गढूळ झाले. दुपारी तळाशी गाळ. हाच गाळ ठिबकची छिद्रे बुजवतो. दुसरीत आधी लिंबूसत्त्व, मग हिराकस. त्यातल्या सायट्रिक आम्लाने लोह धरून ठेवले. पाणी पिवळसर, पण नितळ. “टाकीत टिकतं भाऊ, रानात नाही टिकत,” दादा म्हणाले.

तिसरीत ईडीडीएचए या पकड-रेणूत बांधलेल्या लोहाची चिमूटभर पूड पडली आणि सगळे पाणी लालभडक झाले. मला आमच्या मु. जे. महाविद्यालयाची प्रयोगशाळा आठवली: सॅलिसिलिक आम्लात फेरिक क्लोराइडचा थेंब, आणि उठणारा जांभळा रंग. नाते तेच, फेनॉलच्या ऑक्सिजनचे आणि लोहाचे.

बाजारातल्या नेहमीच्या पकड-रेणूचे नाव ईडीटीए. तो लोहाला सहा जागी पकडतो: दोन नायट्रोजन, चार कार्बोक्सिल. तरी चुनखडीत कॅल्शियम लोहाला हुसकावून स्वतः तिथे बसते. ईडीडीएचएची पकडही सहा जागीच. फक्त दोन कार्बोक्सिलांच्या जागी दोन फेनॉल. तेवढ्या फरकाने ती सामू नऊपर्यंत सुटत नाही. ईडीटीएच्या पाकिटावर 12 टक्के लोह, ईडीडीएचएच्या 6, म्हणून दुसरे महाग वाटते. मला हा हिशेबच मान्य नाही. मोजायचे ते पिशवीतले लोह नव्हे, मुळापर्यंत पोचलेले.

आणि तिथे पोचल्यावर ही घट्ट पकड सुटावीही लागते. ते काम मूळ करते: फेरिक लोहाचे फेरस करते, पकड ढिली होते, लोह आत जाते, रिकामा रेणू पुन्हा मातीत. मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते ते हेच.

संध्याकाळी दादांनी ठिबकला खत ओढून देणाऱ्या व्हेंच्युरीची नळी लाल पाण्यात सोडली. दोन आठवड्यांनी गेलो, तेव्हा पिवळे पान बरेचसे पिवळेच होते. त्याच्या वरचा नवा पोंगा हिरवा उलगडत होता.