नकाशात काय राहिलं, हे मोजायचं कसं?

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे मोजके मुख्य रस्ते सोडले तर फारसं काही नव्हतं. उपग्रहचित्रं मोफत मिळताच जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी घरबसल्या ती गिरवायला घेतली. गल्ल्या, कोसळलेल्या इमारती, मोकळ्या जागांवर उभे राहिलेले तंबू असं सगळं काही आठवड्यांत नकाशावर आलं आणि बचावपथकांच्या जीपीएस यंत्रांतही पोचलं.

स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली लंडनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला, तो ब्रिटनच्या सरकारी नकाशांवरच्या निर्बंधांना कंटाळून. सुरुवातीला हौशी मंडळी जीपीएस घेऊन सायकलवर हिंडायची आणि घरी येऊन रस्ते काढायची. साहजिकच जिथे हौशी लोक राहत, तिथलाच नकाशा भरला. संशोधक मुकी हकले यांनी त्यातला इंग्लंडचा नकाशा सरकारी नकाशाशी ताडून पाहिला. रस्ते सरासरी सहा मीटरच्या फरकाने जागेवर होते, फुकटच्या कामाला हे काही वाईट नाही! पण मार्च २००८ पर्यंत देशाचा जेमतेम २९ टक्के भाग टिपला गेला होता, आणि गरीब वस्त्या मागे होत्या.

इंग्लंडला ताडून पाहायला सरकारी नकाशा होता. जिथे तसा खुला नकाशाच नाही, तिथे काय करायचं? बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी दोन वाटा धरल्या. पहिली, वाढीचा आलेख. रस्त्यांची नोंद आधी संथ होते, मग झपाट्याने वाढते, शेवटी सपाट होते. हा सपाट भाग कुठे येईल, त्यावरून एकूण रस्ते किती ते काढता येतं. पण आलेख सपाट झाला म्हणजे नकाशा भरलाच असं नाही, स्वयंसेवक कंटाळलेही असतील. म्हणून दुसरी वाट: नमुन्यादाखल जागा निवडायच्या आणि तिथल्या उपग्रहचित्रात दिसणारा रस्ता नकाशात आहे का, हे डोळ्यांनी तपासायचं. काम कंटाळवाणं आहे, पण माझा भरवसा याच पद्धतीवर जास्त. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिशेबानुसार जगातल्या ८३ टक्के रस्त्यांची नोंद झाली होती. गंमत म्हणजे दाट शहरं आणि विरळ मुलूख दोन्ही चांगले भरलेले होते; मधल्या वस्तीचे भाग मागे पडले होते.

रस्त्यांच्या या आकड्याने हुरळून जाऊ नये. इमारतींचं चित्र फार वेगळं आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेरा हजारांवर नागरी केंद्रं तपासली गेली. त्यांपैकी ९,१६३ केंद्रांत वीस टक्के इमारतीही नकाशावर आलेल्या नव्हत्या, आणि जगाची जवळपास निम्मी शहरी लोकसंख्या तिथेच राहते.