दोन डोळ्यांपैकी पाहतो कोणता?

रत्नागिरी तालुक्यातील पाली (बल्लाळेश्वराची पाली ती वेगळी, रायगड जिल्ह्यातली) हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. येथून एक रस्ता लांज्याकडे जातो, दुसरा आंबा घाटाने कोल्हापूरकडे. त्यामुळे समोरून येणाऱ्या एस.टी.ची पाटी नीट वाचूनच हात करावा लागतो. तुमच्या धाकट्या भावंडाला अशी एखादी पाटी लांबून वाचायला सांगा. तो धडाधड वाचील. आता त्याचा एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. एखादे मूल एका डोळ्याने साफ अडखळते, आणि गंमत अशी की हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते!

असे का व्हावे? जन्मतः आपला नेत्रगोल समोरून मागे सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो. मोठेपणी तो २४ मिलिमीटरच्या आसपास जातो. या वाढीत पारपटल व भिंग यांची शक्ती आणि नेत्रगोलाची लांबी यांचा मेळ बसावा लागतो. लांबी एका मिलिमीटरने चुकली, तरी चष्म्याचा नंबर अडीच-तीन डायॉप्टरने बदलतो. एकाच डोळ्याचा मेळ चुकला, तर दुसरा डोळा काम निभावून नेतो. मग तक्रार करणार कोण?

दृष्टिपटलावर प्रतिमा पडली की पाहणे झाले, असे आम्ही भौतिकीवाले किरणाकृती काढून मोकळे होतो. परंतु खरे पाहणे मेंदूत होते, आणि मेंदूला ते शिकावे लागते. ह्यूबेल व वीझेल यांनी १९६३ च्या सुमारास मांजराच्या पिलांची एक पापणी काही आठवडे बंद ठेवली. पुढे ती उघडल्यावर डोळा चांगला होता, पण मेंदूतील फारच थोड्या पेशी त्याला दाद देत होत्या. मोठ्या मांजरांत असे घडले नाही. या संशोधनाबद्दल दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुलांचेही तसेच आहे. अंधुक प्रतिमेकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो, आणि डोळा ‘आळशी’ बनतो. चष्मा लावून, चांगला डोळा रोज काही तास झाकून आळशी डोळ्याला कामाला लावता येते. मात्र सात-आठ वर्षांच्या आत हे जितके साधते तितके पुढे साधत नाही. तिरळेपणानेही डोळा असाच आळशी होतो. ‘मोठेपणी जाईल’ म्हणून वाट पाहणाऱ्यांची मला खरोखर भीती वाटते.

अक्षरे न येणाऱ्या मुलाचाही नंबर काढता येतो. डॉक्टर डोळ्यात प्रकाश टाकतात आणि बाहुलीतून परतणारा उजेड कसा सरकतो ते पाहत निरनिराळी भिंगे धरतात. मुलाला काही विचारावेच लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. त्याच्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुलांना तपासावे, अशी योजना आहे. त्या दिवशी भावंडाला घरी ठेवू नका.

घरी तक्ता करायचा असेल, तर इंग्रजी ‘ई’ हे अक्षर ८.७ मिलिमीटर उंच काढा, प्रत्येक रेघ उंचीच्या एकपंचमांश जाड. सहा मीटरवरून ते डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करते. कागद फिरवा आणि ‘ई’ची बोटे कोणीकडे आहेत ते मुलाला हाताने दाखवू द्या, प्रत्येक डोळ्याने वेगळे. लहानग्यांना हे अक्षर थोडे मोठे काढले तरी चालेल; दोन डोळ्यांत फरक पडतो का, तेवढे पाहा. फरक पडला, तर नेत्रतज्ज्ञाकडे न्या. न पडला, तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा न्याच.