रांगेबाहेरची वाट

रांग ही मोठी समतावादी संस्था आहे, असे आपण मध्यमवर्गीय माणसे मानत आलो आहोत. रेशनचे दुकान असो की नाटकाची खिडकी, जो आधी आला त्याचा नंबर आधी. पण ज्या मुलाला रांगेत उभेच राहवत नाही, त्याने काय करावे?

अमेरिकेतील डिस्नेच्या करमणूक-उद्यानांपुढे हा प्रश्न वर्षानुवर्षे उभा आहे. तिथे एकेका खेळासाठी तासतासभर तिष्ठावे लागते. चाकाची खुर्ची चारचौघांना दिसते. स्वमग्न मुलाची अडचण दिसत नाही. गर्दी आणि गोंगाट असह्य होऊन ते किंचाळते, आणि शेजारचे गृहस्थ मनात म्हणतात, 'काय हे वळण!'

पूर्वी अशा कुटुंबांना एक कार्ड मिळे. पुष्कळदा त्यावर रांग टळे. पण सवलत आली की तिचा बाजार मांडणारेही आलेच! धनवान मंडळी दिव्यांग वाटाडे भाड्याने घेऊन रांग चुकवतात, अशी बातमी २०१३ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात झळकली. त्याच ऑक्टोबरात नवी पद्धत आली. रांगेइतकेच थांबायचे, पण रांगेबाहेर. परतायची वेळ सांगितली जाते. तोवर मुलाने खुशाल सावलीत बसावे. वेळ तोच, जागा निराळी. किती शहाणा तोडगा!

२०२४ साली मात्र हे नियम आवळले गेले. आपल्या लेकराचे उणेपण परक्या कर्मचाऱ्याला पडद्यावरच्या मुलाखतीत उलगडून सांगायचे, तेही घटकाभर आनंदासाठी, हे आईबापांच्या जिवावर येते.

टेक्ससमधील गॉर्डन हार्टमन यांनी प्रश्नच उलटा केला. सुटीत पोहण्याच्या तलावावर त्यांची मुलगी मॉर्गन इतर मुलांशी खेळायला गेली, तर ती मुले बाजूला सरली. हे बापाच्या मनाला लागले. २०१० साली सॅन अँटोनिओत 'मॉर्गन्स वंडरलँड' उघडले. तिथे झोक्यावर खुर्चीसकट चढता येते, आणि दिव्यांगांना प्रवेश फुकट. २०१७ साली शेजारीच जलक्रीडेचे उद्यान झाले. तिथल्या खुर्च्या दाबलेल्या हवेवर चालतात, भिजल्या तरी बिघडत नाहीत. तिथे मुलाला कैफियत मांडावी लागत नाही. उद्यानानेच ती आधी ऐकलेली असते.

असे उद्यान बांधणे तुमच्याआमच्या हाती नाही. पण दिवाळीच्या सुटीत रांगेत एखादे मूल किंचाळले, तर त्याच्या आईकडे वळून न पाहता, 'तुम्ही पुढे व्हा' एवढे म्हणणे तरी आहे!