कूलंट जातंय कुठे? गळती शोधून दाखवा, गिऱ्हाईक टिकेल



गॅरेज टाकायचं ठरवलंय? की छोटंसं सुरूही केलंय? मग हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच: "दर पंधरा दिवसांनी कूलंट कमी होतं, जरा टाकून द्या." तुम्ही बाटली ओतता, पैसे घेता, गाडी जाते. काम दहा मिनिटांचं.

आता पुढचं बघा. तोच टेम्पोवाला मे महिन्यात माल भरून खंबाटकी घाट चढतो. गाडी तापते, काटा लाल रेषेला टेकतो, हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं. मग हेड उतरवा, फेसिंग करा, नवं गॅस्केट घाला. गाडी उभी असेपर्यंतचं भाडंही बुडालं. तो बोल कोणाला लावणार? शेवटचा हात ज्याने लावला त्यालाच.

एक गोष्ट मनात पक्की करा. कूलंट पेट्रोलसारखं जळून संपत नाही, ती बंद सिस्टिम आहे. वारंवार कमी होत असेल तर ते कुठून तरी जातंय. ते "कुठून" शोधणं हीच तुमची सेवा, आणि तिचे पैसे घेता येतात.

आधी विचारा, मग पाना उचला

किती दिवसांत किती कमी होतं? उभ्या गाडीखाली डाग दिसतो का? हीटर लावल्यावर गोडसर वास येतो का? काच आतून चिकट धूसर होते का? उत्तरं जॉब कार्डवर लिहा, टाकीतल्या पातळीचा फोटो काढून ठेवा.

एसी चालवल्यावर गाडीखाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी म्हणजे गळती नव्हे. पण थेंब रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचा असेल तर तो कूलंट समजा.

थंड इंजिनावर नजर फिरवा

गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. पंख्याजवळही हात जपून, काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो सुरू होतो.

गाडी थंड झाली की टॉर्च घेऊन पुढच्या जागा बघा:

- होज पाइपची टोकं आणि क्लिपा. पाइप दाबून बघा, फुगलाय, चिरलाय की मऊ पडलाय.
- रेडिएटरची जाळी आणि त्याच्या प्लॅस्टिक टाकीचा जोड.
- वॉटर पंप. सील गेलं की पंपाखालच्या छोट्या भोकातून कूलंट पाझरतं.
- थर्मोस्टॅटचं घर, एक्स्पान्शन टाकी आणि तिचं झाकण.

ओला थेंब दिसलाच पाहिजे असं नाही. गरम इंजिनावर पाणी उडून जातं आणि मागे हिरवा, गुलाबी किंवा पांढरट वाळका ओघळ राहतो. तो ओघळ वरच्या दिशेने शोधत जा. डाग खाली असतो, गळती वर असते.

प्रेशर टेस्ट: दाखवता येणारा पुरावा

डोळ्यांना सापडलं नाही तर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावा. झाकणावर दाब लिहिलेला असतो, बऱ्याच गाड्यांत तो १ बारच्या आसपास. तेवढाच दाब द्या, जास्त नाही, नाहीतर चांगला पाइपही फुटेल. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा. काटा खाली आला तर गळती आहे. आता परत टॉर्च फिरवा, थेंब कुठून येतो ते दिसतं. झाकणही त्याच टेस्टरवर तपासा. झाकण दाब धरत नसेल तर कूलंट तिथूनच बाहेर जात असेल आणि तुम्ही उगाच रेडिएटर बदलाल.

काटा उतरतोय, पण बाहेर सगळं कोरडं? मग दोन जागा उरतात. डॅशबोर्डखालचा हीटर कोअर: पायाजवळचं कार्पेट हाताने चाचपा, ओलं लागेल. किंवा इंजिनाच्या आत: ऑइल दुधाळ झालंय का, गाडी पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही का, टाकीत सतत बुडबुडे येतात का ते बघा. गॅस्केटचा संशय असेल तर निळ्या द्रवाची टेस्ट करा. टाकीतल्या हवेत इंजिनाचा जळका वायू असेल तर त्याचा रंग बदलतो. ही खात्री झाल्याशिवाय हेड उतरवायचं नाव काढू नका.

पैसे कसे घ्यायचे?

तपासणीचा दर आधीच सांगा. समजा तुम्ही ३०० रुपये ठरवले, तर म्हणा: "काम इथेच केलंत तर हे बिलातून वजा करीन." गिऱ्हाइकाला टेस्टरजवळ उभं करा, उतरणारा काटा दाखवा. मग क्लिप शंभराची असो की पंप हजारांचा, तो तुमच्या शब्दावर नव्हे, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून पैसे देतो. जुना पार्ट हातात द्या.

दुरुस्तीनंतर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच कूलंट भरा, सिस्टिममधली हवा काढा, पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवा. गाडी थंड झाली की पुन्हा प्रेशर टेस्ट करा आणि आठवड्याने फोन करून पातळी विचारा. या एका फोनला खर्च काहीच नाही.

आणि हो, काढलेलं कूलंट गटारात ओतू नका. ते विषारी असतं, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून योग्य विल्हेवाटीला द्या.

आता तुमचा गृहपाठ: या आठवड्यात टॉप-अपला येणाऱ्या पहिल्या गाडीला बाटली ओतण्याआधी "किती दिवसांत कमी झालं?" एवढंच विचारा. काय उत्तर मिळालं आणि गळती कुठे सापडली ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!