खुर्चीचा पाय ‘हर’ की ‘इट्स’?

कुंभकोणम म्हटले की देवळे, महामहम तलाव आणि पितळी डबऱ्यातली कॉफी आठवते. पण कावेरीकाठच्या या गावाशी मराठीचेही जुने नाते आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठी राज्य उभारले आणि त्यांच्यामागून आलेली कुटुंबे आसपासच्या गावांत स्थिरावली. बडोद्याचे दिवाण राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचाच. अशा घरांत मुले घरी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढत आली.

इंग्रजीचा पेपर किती महाग पडतो, हेही या गावाने पाहिले आहे. गणितज्ञ रामानुजन यांना १९०४ मध्ये इथल्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. गणितात बुडालेले रामानुजन इंग्रजीत नापास झाले आणि ती गेली!

घोटाळा कुठे होतो?

इंग्रजीत ‘माझे-तुझे’ म्हणणे वरवर सोपे वाटते. पण मराठी माणूस ‘खुर्ची मोडली, तिचा पाय निखळला’ म्हणतो आणि सवयीने ‘हर लेग’ लिहून मोकळा होतो. इंग्रजीत खुर्ची ना तो, ना ती. निर्जीव वस्तूसाठी ‘इट्स’च हवे. ‘हिज’ आणि ‘हर’ मुख्यतः माणसांसाठी.

दुसरी अडचण ‘माय’ आणि ‘माइन’ची. मराठीत ‘माझे पुस्तक’ आणि ‘हे पुस्तक माझे’ या दोन्हींत शब्द एकच. इंग्रजीत पुढे नाम असेल तर ‘माय बुक’. नाम पुढे नसेल तर ‘द बुक इज माइन’. तसेच ‘युअर-युअर्स’, ‘हर-हर्स’, ‘अवर-अवर्स’, ‘देअर-देअर्स’. ‘हिज’ मात्र दोन्हीकडे तसेच राहते. लिहिताना यांतल्या ‘एस’आधी स्वल्पविराम टांगायचा नाही. ‘इट्स’मध्ये तो आला, की अर्थ ‘ते आहे’ असा होतो.

शेजारची भाषा मदतीला

इथे तमिळ उपयोगी पडते. तमिळमध्ये ‘अवनुडैय’ म्हणजे त्याचे, ‘अवळुडैय’ म्हणजे तिचे आणि वस्तूंसाठी वेगळे ‘अदनुडैय’. खुर्ची तमिळमध्येही स्त्री नाही! ‘एन्’ म्हणजे ‘माय’ आणि ‘एन्नुडैयदु’ म्हणजे ‘माइन’. शिवाय माझा-माझी-माझे असे रूप बदलण्याची भानगड नाही. म्हणून इंग्रजी वाक्य अडले, तर ते आधी तमिळमध्ये म्हणून पाहावे. अर्धी चूक तिथेच गळते.

इंग्रजीचा खिसा रिकामा

काही ठिकाणी मात्र इंग्रजीच अपुरी पडते. ‘सीतेने राधेला आपली साडी दाखवली’ यात साडी सीतेची, हे मराठीत ‘आपली’मुळे आणि तमिळमध्ये ‘तन्’मुळे कळते. इंग्रजीतल्या ‘हर सारी’त ती कुणाचीही असू शकते. अशा वेळी ‘हर ओन’ लिहावे.

‘आमचे’ आणि ‘आपले’ यांतला फरकही असाच. तमिळमध्ये ‘एंगळ’ आणि ‘नम्म’ आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘अवर’. ऐकणारा त्यात आहे की नाही, ते कळायला मार्ग नाही. मुलांना ‘अवर’ जरूर शिकवावे. पण घरातली मराठी ‘आमची’ न राहता त्यांनाही ‘आपली’ वाटायची, तर ती त्यांच्याशी रोज बोलायलाच हवी.